वाट न बघणाऱ्या बाईचं गाणं

त्या व्हिडिओत समुद्र येणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. कॅन्टीनमधल्या डुगडुगणाऱ्या टेबलाभोवती आम्ही तिघं बसलो होतो. माझं बोलणं ऐकून केरी गावच्या मुलाने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"गोव्यात गाण्याचा व्हिडिओ, आणि त्यात समुद्र नाही?"

"नाही."

"का पण?"

"कारण सगळ्यांच्याच व्हिडिओत असतो."

आम्ही मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला होतो. तिघं तीन टोकांची: तो केरीचा, म्हणजे पेडण्याच्या अगदी उत्तरेला, जिथे गोवा संपतो तिथला; दुसरी मुलगी वाळपईची; आणि मी पाळीची, डिचोलीच्या खाणपट्ट्यातली. वर्गात आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारायचो. वर्षाचा मोठा प्रकल्प म्हणजे एक म्युझिक व्हिडिओ. आमचे सर पुण्याहून आलेले. ते म्हणायचे, गाण्याच्या व्हिडिओचे प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकाराचे ठरलेले संकेत असतात. बघणारा ते मनात धरूनच बसलेला असतो. तुम्ही एक प्रकार निवडा, त्याचे काही संकेत पाळा, काही मोडा, आणि जे केलंत ते का केलंत हे तोंडी परीक्षेत सांगा. नुसतं मोडलं म्हणून मार्क मिळणार नाहीत.

मला हे फार आवडलं होतं. विशेषतः मोडण्याचा भाग.

गाणं वाळपईच्या मुलीने लिहिलं. तिचे वडील सरकारी कचेरीत कारकून आणि भजनात पेटी वाजवणारे, त्यामुळे चाल लावणं तिच्या घरचंच. गाणं एका बाईचं होतं. नवरा बोटीवर नोकरीला. आमच्याकडे अशी घरं गल्लोगल्ली आहेत. पण या गाण्यातली बाई नवऱ्याला सांगते:

*तू येशील तेव्हा ये, मी घरात नसेन,*
*किल्ली शेजारच्या काकीकडे असेल.*
*पेज झाकून ठेवलीय, गरम करून घे,*
*माझी बस सुटेल, मला निघायला हवं.*

तिने ते कॅन्टीनमध्ये हळू आवाजात गाऊन दाखवलं तेव्हा बाजूच्या टेबलावरची मुलंही गप्प झाली. प्रकार ठरला: विरहगीत.

मग आम्ही विरहगीतांचे व्हिडिओ बघत सुटलो. मराठी, कोंकणी, हिंदी, मिळतील ते. दोन दिवसांत मला त्यांचा वीट आला. बाई खिडकीत उभी. बाई किनाऱ्यावर उभी. केस उडतायत, पदर उडतोय, सगळं संथ गतीने. मध्येच जुन्या दिवसांची आठवण, त्यात दोघं स्कूटरवरून हसत चाललेली. मग फोन, जो वाजत नाही. शेवटी सूर्य बुडतो. या सगळ्या बायकांना कामधाम काही नव्हतं. वाट बघणं हीच त्यांची नोकरी.

"आपली बाई वाट बघणार नाही," मी म्हटलं. "आपली बाई कामाला जाईल. आणि आपण पाळीत शूट करू. लाल धूळ, ट्रक, खाणीचा खड्डा. हा पण गोवाच आहे. तो कुणी दाखवत नाही."

केरीचा मुलगा बोलायला सावकाश, पण एकदा बोलला की मला दिवसभर पुरायचं. त्याच्या काकाचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ, त्यामुळे कॅमेरा त्याचा आणि हातही कॅमेऱ्यावर बसलेला. तो म्हणाला, "खड्डा कुणी दाखवत नाही? गोव्यावर कुठलाही माहितीपट काढ. सुरुवातीला तोच लाल खड्डा, वरून काढलेला, खाली हिरवं पाणी. तुझा खड्डा म्हणजे माझा सूर्यास्त. फरक काय?"

मी जास्तच चिडले. तो म्हणत होता ते खरं होतं. पण माझे बाबा दोडामार्गकडून खाणीवर ट्रक चालवायला आले आणि त्यावरच आमचं घर उभं राहिलं. खाण बंद पडली तेव्हा ते शाळेची बस चालवायला लागले. आमच्या अंगणात तुळशीच्या पानांवरसुद्धा लाल थर असायचा. ते सगळं कुठल्या तरी माहितीपटातलं ठरलेलं दृश्य आहे, हे मला बाहेरच्या माणसाने सांगायला नको होतं.

"बरं," वाळपईची मुलगी मध्ये पडली. "खड्डा नको, समुद्रही नको. बाई दाखवूया. पण बाई कोण?"

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"मी नाही. घरी विचारलं मी. बाबा म्हणाले, आवाज दे हवा तर, तोंड नको."

"पण तू गातेस ना? लोक ओळखणारच."

"आवाजाला नातेवाईक फोन करून विचारत नाहीत," ती म्हणाली. तो विषय तिथेच मिटला.

बाई माझ्या घरापासून चार पावलांवर होती, आणि ते माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. माझी मावसबहीण. माझ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. लग्न होऊन ती आमच्याच वाड्यावर, म्हणजे वस्तीत, आली. भावोजी आधी खाणीवर मशीन चालवायचे. खाण बंद झाल्यावर ते बोटीवर गेले, प्रवासी जहाजाच्या लॉन्ड्रीत. ताई डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या फॅक्टरीत पॅकिंगला लागली. पहाटे कंपनीची बस यायची. अंधारात ताई निळा गणवेश घालून, डबा घेऊन नाक्यावर उभी राहायची. सासू घरी. मूलबाळ अजून नव्हतं आणि त्यावर वाड्यावरच्या बायका जे बोलायच्या ते ताई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

म्हणजे वाळपईच्या मुलीने न बघता जिच्यावर गाणं लिहिलं होतं, ती बाई रोज आमच्या दारावरून जात होती. मी जवळजवळ धावतच तिच्याकडे गेले.

ताई चुलीपुढे उकडे तांदूळ धूत होती. मी सांगितल्यावर तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता काही अडचण नाही.

"माझा शूटिंग? खरां?" ती म्हणाली. "खंय? समुद्रार?"

"नाही गो. इथेच. नाक्यावर. तू रोज जातेस तशी, गणवेशात."

तिचे हात तांदळात थांबले.

"ह्या कपड्यात? ह्याच कपड्यात तर रोज जातंय मी. ह्या कपड्यातलो फोटो कोण बघतलो?"

मग मी तिला समजावलं. संकेत म्हणजे काय, ते मोडायचे का, आपण बाईला नेहमी सुंदर आणि रिकामी का दाखवतो, वगैरे. सरांचे शब्द मला पाठ होते. ताईने सगळं ऐकलं. ती दहावी झाली होती आणि मूर्ख अजिबात नव्हती. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे बाकीच्या बायका सुंदर दिसतत, आणि मीच तेवढी नाय."

"तसं नाही ताई."

"माझ्या लग्नातलो व्हिडिओ पण झालो नाय. कॅमेरावालो इलोच नाय. तुका माहीत आसा." तिने तांदळाचं पाणी फेकलं. "बरां. तू सांगतंस म्हणान करतंय."

आम्ही पाळीत पहाटे शूट करायला गेलो. केरीचा मुलगा आदल्या दिवशी माझ्या घरी येऊन राहिला होता. माझी आई त्याला सारखी विचारत होती की आमच्या घरची माशांची कढी तुम्हा समुद्रकाठच्या लोकांना कशी आवडणार. वाळपईची मुलगी वडिलांच्या स्कूटरवरून वेळेत आली.

नाक्यावर एकच दिवा. त्याखाली ताई गणवेशात उभी. केस डोक्यावर घट्ट बांधलेले, कारण फॅक्टरीत वर टोपी घालावी लागते. बाजूला तिच्या बसच्या बायका. मला वाटलं होतं त्याहून ते सुंदर दिसत होतं: दिवा, निळे कपडे, रस्त्याकडेची लाल माती, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा हॉर्न. फक्त ताई सोडून. ताई लाकडासारखी उभी होती.

"ताई, सहज उभी राहा. रोज राहतेस तशी."

"तशीच उभी आसंय."

तशी ती उभी नव्हतीच. रोज ती एका पायावर भार देऊन, डबा कुशीत धरून, बायकांशी काहीतरी खुसपुसत उभी असायची. आज ती शाळेच्या फोटोतल्या मुलीसारखी सरळ उभी होती, आणि दर वेळी मी "अॅक्शन" म्हटलं की तिचा चेहरा बंद व्हायचा. बसच्या बायका हसत होत्या. एक म्हणाली, "अगो, हिरॉईन हसता खंय?" दुसरी म्हणाली, "आमका पण घे गे, आमी काय वाईट दिसतंव?" ताईने मान खाली घातली.

बस आली. ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता. मी विनवण्या केल्या, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाये, उशीर झाला की बोलणी मला खावी लागतात." ताई चढली, बस गेली. आमच्याकडे तिची पाठ आणि बसचा धूर एवढंच नीट टिपलं गेलं होतं.

मग आम्ही केरीच्या मुलाच्या काकाच्या व्हॅनने बसच्या मागोमाग डिचोलीला गेलो. मला ती फॅक्टरीच्या दारातून आत जाताना हवी होती. तिथे रखवालदाराने कॅमेऱ्यावर सरळ हात ठेवला. आत तर सोडाच, रस्त्यावरूनही फाटक दिसता कामा नये, असं तो म्हणाला. मी वाद घालायला लागले तेव्हा केरीच्या मुलाने मला दंडाला धरून मागे ओढलं.

"तू कामाची बाई दाखवायला निघालीस," तो गाडीत बसल्यावर म्हणाला, "आणि काम दाखवायची परवानगी नाही. म्हणून सगळे समुद्रावर जातात. तिथे परवानगी लागत नाही."

मी त्याच्याशी डिचोली ते पाळी एक शब्द बोलले नाही.

असं आम्ही आणखी दोनदा केलं. दर वेळी ताई अधिकच ताठ. एकदा पाऊस आला, एकदा वीज गेली आणि नाक्यावर काळोख झाला. मला रडू यायचं बाकी होतं. घरी बसून ते तुकडे मी पुन्हा पुन्हा बघायचे. त्यात सगळं खरं होतं. नाका खरा, बाई खरी, बस खरी. आणि बघणाऱ्याला ते खोटं वाटलं असतं. त्याउलट त्या विरहगीतांमधल्या बायका, ज्यांचं सगळंच खोटं, त्या मात्र खऱ्या वाटायच्या. हे असं का व्हावं, हे मला कळत नव्हतं. कळत नसल्याचा राग मी ताईवर काढला.

"तू मनापासून करतच नाहीस," मी एका संध्याकाळी तिला बोलले.

ताईने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. "ऐक. तुझ्या सांगण्यावरून तीनदा उभी रवलंय. बायका अजून हसतत. आता माझा ऐक. एक दिवस माझ्या मनासारखा. केरीक जाऊया. लाल साडी नेसतंय, केस सोडतंय. मग तुका व्हया ता कर."

मी नाही म्हणणार होते. पण जमा करायची तारीख जवळ आली होती आणि केरीचा मुलगा तिच्या बाजूने होता. "रविवारी माझ्या घरी जेवायला या," तो म्हणाला. वाळपईची मुलगीसुद्धा म्हणाली, "जाऊया गं. तिला एकदा जाऊ दे."

रविवारी त्याच्या काकाच्या व्हॅनमधून आम्ही केरीला पोचलो. ताईने वाटेतच, म्हापशाला थांबून, केसांत अबोली माळली. सुरूच्या झाडांखालून वाळूत उतरलो आणि मी कपाळावर हात मारला. किनाऱ्यावर तीन जोडपी लग्नाआधीचं शूटिंग करत होती. प्रत्येकीचा झगा कोणीतरी मागे धरून उडवत होतं. तेरेखोलचा किल्ला पाठीशी येईल असा एकच खडक होता आणि त्यासाठी चक्क रांग होती. आम्ही रांगेत उभे राहिलो. संकेत मोडायला निघालेले आम्ही, संकेतासाठी रांगेत.

आमचा नंबर लागला तेव्हा ताई खडकावर चढली आणि मी बघतच राहिले. नाक्यावरची लाकडी बाई कुठे गेली कोण जाणे. वाऱ्याला पाठ कशी द्यायची, म्हणजे केस चेहऱ्यावर नीट येतात, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पदर सोडून पुन्हा धरणं, दूर बघणं, मान किंचित वळवणं, सगळं ती न चुकता करत होती. आयुष्यभर पडद्यावर बघितलेलं तिच्या अंगात मुरलेलं होतं. केरीचा मुलगा कॅमेऱ्यामागून नुसतं "वा" म्हणत होता. रांगेतल्या एका नवऱ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. ताई लाजून हसली आणि मला ते हसू अजून डोळ्यांपुढे दिसतं.

आणि मला त्याचाही राग येत होता. कारण ते फार छान होतं, आणि आमच्या गाण्याच्या बरोबर उलट होतं.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. भावोजींचा व्हिडिओ कॉल. बोट कुठल्यातरी बंदरात लागली होती म्हणून त्यांना नेटवर्क मिळालं होतं. ताईने फोन लांब धरला, म्हणजे साडी, फुलं, मागचा समुद्र, सगळं दिसेल असा.

"दिसता काय?" ती म्हणाली. "बघा तरी मी खंय इलंय!"

भावोजींचा आवाज वाऱ्यातूनही आम्हाला स्पष्ट ऐकू आला. "एवढी नटान खंय गेलंस? कोणाचा लगीन आसा?"

"लगीन नाय. शूटिंग आसा माझा. समुद्र बघा, किल्लो बघा."

"समुद्र कित्याक दाखयतंस गो? समुद्र मी रोज बघतंय. वीट इलो समुद्राचो. घर दाखय. आई खंय आसा?"

ताई म्हणाली, "घराकडे नाय मी." मग आवाज तुटक झाला, आणि कॉल बंद पडला.

तिने फोन कमरेला खोचला. क्षणभर ती समुद्राकडे बघत राहिली, पण मघासारखी नाही. शेजाऱ्याच्या भांडखोर कुत्र्याकडे बघावं तशी. मग तिने दोन्ही हात मागे नेले, मोकळे केस एकाच हिसक्यात गोळा केले, पिन दातांत धरली, आणि रोज पहाटे बांधते तसा घट्ट अंबाडा बांधला. अबोलीची वेणी त्यातून सुटून वाळूत पडली. तिने उचलली नाही. साडी हाताने वर धरून ती ताडताड खडकावरून उतरली आणि आमच्या दिशेने चालत आली.

कॅमेरा चालू होता. सगळं त्यात आलं होतं.

"मिळालं!" मी ओरडले. "हेच! हेच हवं होतं!"

मला अजून वाटतं, आमच्या गाण्याला लागणारं सगळं त्यात होतं. सुंदर बाई, समुद्र, उडणारे केस, आणि त्याच बाईने त्या सगळ्याला लावलेला चाप. लांब भाषण नको, लाल खड्डा नको, काही नको. संकेत त्याच्या आतूनच मोडला होता.

ताई माझ्यासमोर येऊन थांबली. "काय मिळाला?"

"आत्ताचं. तू केस बांधलेस ते. ताई, तुला माहीत नाही ते किती..."

"माझो तमाशो मिळालो तुका?" तिचे डोळे भरले होते. "घोवान चार माणसांत तोंडार मारल्यासारखा केला, तां तू लोकांका दाखयतलंस? पुसून टाक तां."

"ताई, आवाज काढून टाकते. कुणाला कळणार नाही फोनवर कोण होतं."

"माका कळतला. पुसून टाक."

मी तिला समजावायला तोंड उघडणार, तोवर केरीच्या मुलाने कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि पडदा तिच्यापुढे धरला. "गेलं ताई. बघ."

त्याने मला विचारलंही नाही. ताई दूर जाऊन सुरूच्या सावलीत बसली. वाळपईची मुलगी पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ गेली. आणि मी त्या मुलावर तुटून पडले. आमच्या सगळ्यांच्या कामातली एकच खरी गोष्ट त्याने पुसून टाकली होती. तिची समजूत घालता आली असती. दोन दिवसांनी तीच हो म्हणाली असती.

त्याने लेन्सवर झाकण बसवलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माझी आई इथे मागे मासे सुकवते. रोज कोणीतरी येतो, तिचा फोटो काढतो आणि जातो. कुठकुठे छापतात आम्हाला माहीत नाही. एकदा एका हॉटेलात भिंतीवर लावलेला होता, भला मोठा. फोटो चांगला होता. खूप चांगला होता. आई त्यानंतर त्या हॉटेलाच्या रस्त्याने जात नाही."

मी ऐकून घेतलं. पण राग गेला नाही. त्याच्या घरी जेवताना त्याच्या आईने माझ्या ताटात बांगड्याचा आणखी एक तुकडा वाढला, आणि मी मान वर न करता जेवले.

व्हिडिओ मी जोडला तो असा: पहिली दोन कडवी नाक्यावर. ताईचा चेहरा ताठ होता म्हणून मी हात, डबा, बसची पायरी, पाठ असेच तुकडे घेतले. मधल्या कडव्यात समुद्र आणि लाल साडी, जणू ती बाई बसमध्ये बसल्याबसल्या मनात बघतेय. शेवटच्या कडव्यात पुन्हा बस. वाळपईच्या मुलीचा आवाज सगळं सावरून धरत होता. पण मधून एक दुवा निखळला होता, आणि तो कुठला ते मला एकटीलाच दिसत होतं. जोडताना दर वेळी त्या जागी आले की माझा हात थांबायचा.

तोंडी परीक्षेला सरांनी व्हिडिओ दोनदा बघितला.

"सुरुवात चांगली आहे," ते म्हणाले. "चेहरा न दाखवणं हा छान निर्णय."

तो निर्णय नव्हता, नाइलाज होता.

"पण मग तुम्ही समुद्रावर गेलात. का? गाणं सांगतंय की ही वाट बघत नाही, आणि चित्र सांगतंय की ती उभी राहून वाटच बघतेय. संकेत मोडता मोडता तुम्ही घाबरलात, असं मला वाटलं."

केरीचा मुलगा म्हणाला, "सर, तिला जायचं होतं तिथे."

"कुणाला? त्या पात्राला?"

"नाही. ताईला."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. "ते मान्य आहे," ते म्हणाले. "पण बघणाऱ्याला ते कसं कळणार?"

यावर उत्तर होतं. केरीच्या वाळूत ते घडलं होतं, कॅमेऱ्यात आलं होतं आणि बटण दाबून पुसलं गेलं होतं. मी केरीच्या मुलाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. वाळपईची मुलगी टेबलावर नखाने रेघा ओढत होती. सरांनी पुढच्या गटाला बोलावलं. मार्क बरे मिळाले. बरे म्हणजे ज्याबद्दल घरी सांगावंसं वाटत नाही असे.

ताईला मात्र व्हिडिओ हवा होता. "माझ्या भागाचो," ती म्हणाली. "तो नाक्यावरचो नको." मी तिला समुद्राचा भाग वेगळा करून दिला, आणि खरं सांगायचं तर त्यावर मी प्रकल्पापेक्षा जास्त मेहनत घेतली. रंग चढवले, वेग आणखी कमी केला, सूर्यास्तसुद्धा टाकला, केरीच्या मुलाच्या काकाकडचा. तिने तो वाड्यावर सगळ्यांना पाठवला. नाक्यावर हसणाऱ्या बायकाच आता म्हणत होत्या, काय दिसतंस गो! ताई खूष होती. मी नव्हते, पण ते तिला सांगून काय उपयोग होता?

चतुर्थीच्या आधी भावोजी सुट्टीवर आले. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे करंज्या द्यायला गेले, तर घरातल्या टीव्हीवर आमचा व्हिडिओ लागलेला. ताईचा समुद्राचा नव्हे, पूर्ण. माझ्या भावाने त्यांना पाठवला होता. भावोजी खुर्चीवर पुढे झुकून बसले होते. ताई दाराशी उभी, कपाळावर आठ्या.

"नको म्हटलेला मी तां नाक्याचा," ती मला बघून म्हणाली.

भावोजींनी व्हिडिओ थांबवला. पडद्यावर दिव्याखाली डबा धरलेले दोन हात होते. "ह्यां खंयचा?" त्यांनी विचारलं.

"खंयचा म्हणजे? आपलो नाको," ताई म्हणाली.

"एवढ्या काळोखात?"

"मग काय बस उन्हात येतली? तुमी असतात तेव्हा मी सुट्टी घेतंय. तुमका कसा दिसतला?"

भावोजींनी व्हिडिओ मागे नेऊन नाक्याचा भाग पुन्हा लावला. लाल साडीचा भाग आला तेव्हा ते चहाला आत गेले.

दुसऱ्या दिवशी ताईची सुट्टी संपली, आणि तेव्हापासून भावोजी पहाटे उठून ताईला नाक्यावर सोडायला जायला लागले. हातात टॉर्च, खांद्यावर तिचा डबा. बस येईपर्यंत उभे राहायचे. आठवड्याने ताई माझ्याकडे आली ती चिडूनच.

"तुझ्या त्या शूटिंगाचा काय सांगू," ती म्हणाली. "रोज येतत माझ्याबरोबर. बायकांका काय बोलता येणा नाय, हसता येणा नाय. सगळी माझ्याकडे बघतत. त्येंका काय ता सांग गो तू."

"बोटीवर परत गेले की आपोआप थांबेल," मी म्हटलं.

ताईने माझ्याकडे असं बघितलं की आपण भलतंच काहीतरी बोललो हे माझ्या लक्षात आलं. मग ती उठली आणि सकाळचे तांदूळ भिजत घालायचे आहेत म्हणून घरी गेली.